अनुभव धागा : "देव आहे का?" या प्रश्नाला "माहीत नाही" हे उत्तर नीट कसं द्यायचं?

"देव मानता का?" हे मुंबईत जरा जास्तच वेळा विचारलं जातं. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आलेली मंडळाची पोरं विचारतात, स्थळ आणणारी मावशी विचारते, आणि कोणीच नसेल तर फॉर्मातला 'धर्म' हा रकाना विचारतो. 'हो' म्हणणाऱ्याला पुढे काही विचारत नाहीत, 'नाही' म्हणणाऱ्याशी भांडतात आणि 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला "ठरव की एकदा" म्हणून सोडून देतात.

हा धागा त्या तिसऱ्यांचा. अट एकच: 'मी लहानपणी रोज रामरक्षा म्हणायचो, मग एक दिवस…' ही कथा नको, तसे धागे पुष्कळ झाले. तुमच्या कामातून किंवा अभ्यासातून जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा. काय करायचं, किती वेळ लागतो, कुठे अडतं, का अडतं. मतं चालतील, पण कारणासकट.

दादर, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो

आधी शब्दांची झाडलोट. आस्तिक म्हणजे देव मानणारा हा अर्थ आज रुळलेला आहे, पण जुन्या वर्गवारीत आस्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य मानणारा. मनुस्मृतीत नास्तिकाची ओळखच 'वेदनिंदक' अशी दिली आहे. त्यामुळे सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शनं जगाचा कर्ता ईश्वर न मानताही आस्तिकांच्या पंगतीला बसतात. वाद सुरू झाला की कोणत्या अर्थाने बोलताय हे पहिल्या मिनिटातच विचारून घ्या. नाही विचारलं तर दोघं वेगळ्याच गोष्टींवर भांडत होते हे चहा गार झाल्यावर कळतं.

या 'माहीत नाही' भूमिकेला 'अज्ञेयवाद' म्हणतात. त्या शब्दातही एक गोची आहे. मूळ इंग्रजी शब्द ('अॅग्नॉस्टिक') इंग्लिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्लीने १८६९ साली घडवला. हा पंथ नाही, ही पद्धत आहे, असं त्याने १८८९ मध्ये लिहून स्पष्ट केलं: पुरावा नेईल तिथवर जा, पुढचं कळल्याचा आव आणू नका. आपल्याकडे आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर हे इंग्लिश विचारवंत मन लावून वाचले. स्पेन्सर तर कधीच न कळणारं एक तत्त्व मानायचा. मराठी शब्दात तीच छटा आहे. 'अज्ञेय' म्हणजे कळूच शकत नाही. हा केवढा मोठा दावा झाला! इथल्या बहुतेकांना म्हणायचं असतं 'अज्ञात', म्हणजे अजून कळलेलं नाही. तुम्ही यातलं नेमकं काय म्हणताय ते स्वतःशी एकदा ठरवून टाका. पहिलं म्हणत असाल तर 'कळू शकत नाही हे तुम्हाला कसं कळलं?' या प्रश्नाची तयारी ठेवा.

आता मुख्य काम. 'देव' हा एक प्रश्न नसतो, तो फोडावा लागतो. किमान तीन ढीग करा. एकात नवसाला पावणारा, परीक्षेत पास करणारा, पाऊस पाडणारा देव. दुसऱ्यात जग निर्माण करून बाजूला झालेला. तिसऱ्यात निर्गुण ब्रह्म, ज्याच्याविषयी 'असं नाही, तसं नाही' एवढंच बोलता येतं. पहिल्या ढिगातले दावे तपासता येतात, म्हणून तिथे 'माहीत नाही' म्हणणं हा आळस आहे. तपासा आणि 'दिसलं' किंवा 'दिसलं नाही' असं सांगा. दुसऱ्या ढिगात 'माहीत नाही' हे उत्तर खरं शोभतं. तिसऱ्यात आधी वाक्याचा अर्थ काय हेच विचारावं लागतं. तिन्ही ढिगांना एकच उत्तर दिलं की अज्ञेयवाद फसतो.

'दिसत नाही म्हणून नाही' हे कधी चालतं? आपल्या न्याय आणि मीमांसा या दर्शनांत याला नेमका शब्द आहे: योग्यानुपलब्धी, म्हणजे दिसण्याजोगं असून न दिसणं. जमिनीवर घट असता तर या उजेडात, या डोळ्यांनी दिसला असता. दिसत नाही, म्हणून घट नाही, इथवर ठीक. पण हाच न्याय पिशाचाला लावता येत नाही, कारण पिशाच मुळात दिसण्याजोगंच नाही असं मानणारा म्हणतो. न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य यांनी ईश्वराच्या बाजूने लढताना हाच मुद्दा वापरला: ईश्वर प्रत्यक्षाला योग्यच नाही, म्हणजे इंद्रियांना कळण्याजोगाच नाही, तर प्रत्यक्षाच्या अभावाने त्याचं नसणं कसं सिद्ध कराल? युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त त्याने 'नाही' अडतं, 'आहे' सिद्ध होत नाही. त्यासाठी त्यांनी वेगळी प्रमाणं दिली. त्यातलं गाजलेलं म्हणजे घटाला जसा कुंभार तसा पृथ्वीला कर्ता. बौद्धांनी विचारलं, कुंभाराला तर हात असतात, मग तुमच्या कर्त्यालाही देह मानायचा का? तो वाद काही शतकं चालला. वाचायला घेतला तर दोन्ही बाजूंचं वाचा, एकाच बाजूची टिपणं फार फसवी असतात.

नासदीय सूक्ताबद्दल एक इशारा. ऋग्वेदाचं दहावं मंडल, सूक्त १२९, ऋचा सात. शेवटी म्हटलंय की ही सृष्टी कुठून झाली हे परम व्योमातल्या तिच्या अध्यक्षालाच ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. तीन हजार वर्षांमागच्या कवीने 'किंवा नसेल' म्हणून थांबावं, याला धाडस लागतं. पण यावरून 'वेद अज्ञेयवादी आहेत' असं ठोकून देऊ नका. त्याच मंडलात ९० क्रमांकाचं पुरुषसूक्त आहे आणि १२१ क्रमांकाचं हिरण्यगर्भसूक्तही आहे, आणि ती सृष्टीचं मूळ ठामपणे सांगतात. समोरचा जाणकार असेल तर तिथेच पकडेल.

बुद्धाच्या मौनाचंही तेच. बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत (तो आधी बाण काढू देत नाही, कोणी मारला हे विचारत बसतो) मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या ६३व्या सुत्तात आहे. तिथे बाजूला ठेवलेले प्रश्न दहा: जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनंत, जीव आणि शरीर एकच की वेगळे, मृत्यूनंतर तथागत (बुद्ध) असतो की नाही. 'ईश्वर आहे का' हा प्रश्न त्या दहांत नाही. लोक सर्रास घुसडतात.

मुलुंड

मास्तर, हे सगळं छान, पण शेवटी तळ्यात-मळ्यातच ना? पृथ्वी आणि मंगळ यांच्या मध्ये चहाची किटली फिरतेय असं कोणी म्हटलं तर तुम्ही 'माहीत नाही' म्हणाल? तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९५२ सालीच हा निकाल लावला. सरळ नास्तिक म्हणा की.

दादर, तत्त्वज्ञान

किटलीबाबत मी 'नाही' म्हणेन. किटल्या माणसं बनवतात आणि त्या कक्षेत कोणी नेऊन ठेवलेली नाही, हे आपल्याला किटल्यांविषयी ठाऊक आहे. नवसाला पावणाऱ्या देवाबाबत तुमची उपमा लागू पडते, तिथे मी तुमच्याच बाजूला आहे. पण 'काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे' या प्रश्नाविषयी किटलीइतकी पूर्वमाहिती कोणाकडे आहे? माझ्याकडे नाही. आणि रसेलच्या उदाहरणाचा रोख 'सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर' एवढाच होता. तेवढं मला शंभर टक्के मान्य.

पवई, संख्याशास्त्र

पहिला ढीग माझ्याकडे द्या. नवसाचा दावा तपासायला एक कागद आणि चार चौकोन पुरतात. नवस केला आणि काम झालं, नवस केला आणि काम झालं नाही, नवस नाही आणि काम झालं, नवस नाही आणि कामही नाही. लोक फक्त पहिला चौकोन मोजतात, कारण पेढे त्याच चौकोनातून येतात.

समजा दोनशे मुलं बारावीला बसली. १२० जणांच्या घरी नवस बोलला गेला, त्यांतले १०८ पास. उरलेल्या ८० जणांच्या घरी नाही, त्यांतले ७२ पास. '१०८ नवस फळले' हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे, कारण दोन्हीकडे प्रमाण ९० टक्केच. आकडे समजावण्यापुरते आहेत, पद्धत मात्र हीच.

चुका कुठे होतात? काम होण्याआधी 'काम झालं' म्हणजे काय हे लिहून ठेवलेलं नसतं. मग नोकरी नाही मिळाली तरी 'निदान मुलाखतीला बोलावलं' हे फळात जमा होतं. मुदतही लिहिलेली नसते, त्यामुळे 'अजून नाही' हा पर्याय कायम उघडा राहतो. तेव्हा तारीख, अपेक्षित निकाल आणि मुदत हे तिन्ही आधी शाईने लिहा.

प्रार्थनेवर मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग झालेला आहे. २००६ साली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांमधल्या १,८०२ बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन गट होते. प्रार्थना होईल की नाही हे नक्की माहीत नसलेल्यांमध्ये ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांतल्या ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांतल्या ५१ टक्क्यांना. आणि 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय' असं सांगितलेल्या गटात ५९ टक्क्यांना! नास्तिक मित्र हा शेवटचा आकडा फार मिरवतात. त्यावरून देव नाही असं निघत नाही. अनोळखी लोकांनी ठरावीक पद्धतीने केलेल्या प्रार्थनेचा ठरावीक परिणाम त्या रुग्णांमध्ये दिसला नाही, एवढंच निघतं. देव असेल आणि प्रयोगात भाग घ्यायला तयार नसेल, तर हा प्रयोग त्याच्याविषयी काहीच बोलत नाही.

कांदिवली, शाळेची प्रयोगशाळा सांभाळते

चमत्कार तपासायचे असतील तर घरी करा. देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये जाऊन नको. जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावल्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ आहे (पूर्वीचं २९५-अ). हेतू नव्हता हे सिद्ध करत बसण्यापेक्षा स्वयंपाकघरातला ओटा बरा.

२१ सप्टेंबर १९९५ ला मूर्ती दूध पितात अशी बातमी देशभर पसरली होती. तो दूध पिणारा गणपती असा करून बघा. पितळेची किंवा चांदीची मूर्ती घ्या, मातीची नको. न भाजलेली किंवा रंग न दिलेली माती दूध शोषून घेते आणि प्रयोग बिघडतो. दुधात खाण्याचा रंग दोन थेंब. पाच मिलीचा चमचा काठोकाठ भरा, सोंडेला दुधाचा पृष्ठभाग टेकेल असा धरा आणि अगदी किंचित कलता करा. पृष्ठताणामुळे दूध सोंडेकडे ओढलं जातं आणि तिथून पातळ पडद्यासारखं पोटावरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही, म्हणून रंग. ओली मूर्ती कोरडीपेक्षा जास्त 'पिते', कारण वाट आधीच ओली असते. म्हणूनच रांगेत मागे उभ्या असलेल्यांना चमत्कार जास्त ठळक दिसला असेल.

इथे एक चूक हमखास होते. मूर्ती आणि ताट एकत्र तोलतात आणि वजन वाढलं म्हणून आनंदतात. मूर्तीने दूध खरंच प्यायलं असतं तरी एकत्र वजन वाढलंच असतं! म्हणून मूर्ती पुसून वेगळी तोला, ताट वेगळं तोला. वीस चमचे म्हणजे साधारण १०३ ग्रॅम दूध. सांडलं नसेल तर जवळजवळ सगळं ताटात आणि पुसायच्या फडक्यात सापडतं.

माहीमचं 'गोड झालेलं' समुद्राचं पाणी १८ ऑगस्ट २००६ चं. महिना बघा, भर पावसाळा. मिठी नदी तिथेच खाडीला मिळते आणि गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्यावर तरंगतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. घरचं टीडीएस पेन (पाण्यातले क्षार मोजणारं) थेट बुडवू नका, बऱ्याच स्वस्त पेनची मर्यादा ९,९९० पीपीएम, म्हणजे लिटरला साधारण दहा ग्रॅम असते. एक भाग खाडीचं आणि नऊ भाग डिस्टिल्ड पाणी मिसळा, आकडा दहाने गुणा. आणि चव घेऊन तपासणं? त्या खाडीत काय काय येतं ते मुंबईकराला सांगायला नको.

सायन

मंगळवारी आईबरोबर सिद्धिविनायकाला जाऊन बाहेर चपला सांभाळत उभं राहणं कोणत्या ढिगात येतं?

वांद्रे, वकील (लग्न आणि वारसा)

ते 'आई' या ढिगात येतं, त्याला पुरावा लागत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांचा घोटाळा एकच असतो: मनातलं मत आणि कायद्यातला धर्म एकच समजतात. हिंदू विवाह कायद्याचं दुसरं कलम वाचा. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नसलेला इथला बहुतेक माणूस त्या कायद्यापुरता हिंदूच ठरतो. तुम्ही देवाविषयी साशंक आहात याने तिथे काही हलत नाही.

धार्मिक विधी नको असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी किमान एकजण ज्या जिल्ह्यात नोटिशीआधीचे सलग ३० दिवस राहत असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. मुंबईत इथेच पहिला हेलपाटा पडतो. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे. माहीमचा माणूस शहरात, खाडीपलीकडचा वांद्रेकर उपनगरात, आणि मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे. पत्त्याचा पुरावा एका जिल्ह्यातला आणि भाड्याचं घर दुसऱ्यात असेल तर आधी भाडेकराराचं बघा.

नोटीस कार्यालयात ठळक जागी लागते, त्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी. हरकत कायद्यातल्या कारणांवरच घेता येते: आधीचा जोडीदार हयात असणं, वय (मुलगा २१, मुलगी १८), संमती देण्याची मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. 'घरच्यांना पसंत नाही' हे कारण नाही. मामेबहीण-आतेभाऊ हे नातं मात्र या कायद्याच्या परिशिष्टात निषिद्ध आहे, तिथे आधी सल्ला घ्या. ५ जानेवारीला नोटीस दिली आणि त्याच दिवशी लागली तर ४ फेब्रुवारी उलटल्यावर लग्न लागू शकतं. नोटिशीपासून तीन महिन्यांत नाही लागलं तर नवी नोटीस. हॉलची तारीख आधी आणि नोटीस मागाहून, असं करून लोक अडकतात.

त्या दिवशी तीन साक्षीदार. विधी कोणताही करा किंवा करू नका, पण 'मी अमुक, तमुकला कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो' हे वाक्य दोघांनी एकमेकांना, अधिकारी आणि साक्षीदारांसमोर, कळेल त्या भाषेत म्हणायलाच हवं. वारसाचं काय, हे फार थोडे विचारतात. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ मध्ये घातलेल्या २१-अ कलमामुळे घरचा वारसा कायदाच चालू राहतो. एकजण त्याबाहेरचा असेल तर भारतीय वारसा कायदा लागतो आणि एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचं धरलं जातं. वडिलोपार्जित जमीन असेल तर हे लग्नाआधी समजून घ्या.

उलट बाजूची चूकही होते. विधी काहीच नाहीत आणि हिंदू विवाह कायद्याखाली नुसती नोंदणी. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या कायद्यात विधीशिवाय निव्वळ प्रमाणपत्राने विवाह होत नाही. म्हणजे विधी नको तर ५४ चा विशेष विवाह कायदा, आणि ५५ चा हिंदू विवाह कायदा हवा तर विधी करा.

आता धर्माचा रकाना. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये निकाल दिला की कोणालाही धर्म सांगायची सक्ती करता येत नाही आणि 'मला धर्म नाही' म्हणण्याचा हक्क संविधानाच्या २५व्या कलमातल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यातच येतो. मजा म्हणजे त्या याचिकाकर्त्यांची येशूवर श्रद्धा होती, त्यांना धर्माचं लेबल तेवढं नको होतं. तेव्हा 'धर्म नाही' आणि 'देव माहीत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत, फॉर्म भरताना त्यांची गल्लत करू नका. २०११ च्या जनगणनेत 'धर्म सांगितला नाही' या खात्यात देशभरातून सुमारे २८.७ लाख माणसं आहेत. त्यांतले साशंक किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

एक इशारा कळकळीने. अनुसूचित जातीचा दाखला १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर उत्साहाने 'धर्म: नाही' लिहिलंत तर पुढे जात पडताळणीच्या वेळी तेच कागद आडवे येऊ शकतात. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. रकान्यातला आदर्शवाद मुलाच्या खर्चाने करू नये, हे माझं मत.

घाटकोपर

वकीलबाई, कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तर गीतेवर हात ठेवायला नकार देता येतो का?

वांद्रे, वकील

गीता सिनेमात. १९६९ च्या शपथ कायद्यात दोन पर्याय आहेत: देवाच्या नावाने शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. पिंजऱ्यात चढण्याआधी कर्मचाऱ्याला हळूच सांगायचं, "प्रतिज्ञेवर सांगेन." दोन्हींचं वजन सारखं, खोटं बोललात तर शिक्षाही सारखी. तिथे भाषण करू नका, न्यायाधीशांपुढे दिवसभराचं बोर्ड (खटल्यांची यादी) असतं.

परळ, नेत्रदान-देहदान समन्वय

देहाचं पुढे काय होतं हे साशंक माणसाला ठाऊक नसतं, पण देहाचं काय करता येतं हे ठाऊक असायला हरकत नाही.

नेत्रदान: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. पंखा ताबडतोब बंद करा, कारण वाऱ्याने बुबुळ कोरडं पडतं. एसी असेल तर चालू ठेवा. पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली दोन उशा द्या म्हणजे काढल्यावर रक्तस्राव कमी होतो. मग नेत्रपेढीला फोन. टीम घरी येते, काम पंधरा-वीस मिनिटांचं, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन, उतारवय यांपैकी काही आड येत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग असेल तर घेत नाहीत. फोनवर इमारतीचं नाव, विंग, मजला आणि जवळची ठळक खूण सांगा. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' या पत्त्यावर पाऊण तास जातो.

देहदान १९४९ च्या अॅनाटमी कायद्याखाली, वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात. मुंबईत केईएम, जेजे, नायर, सायन या रुग्णालयांना जोडलेली महाविद्यालयं आहेत. हयातीत भरलेला फॉर्म ही इच्छा असते. प्रत्यक्षात देह नेऊन देतात ते नातेवाईक, ते अडले तर फॉर्म कपाटातच राहतो. म्हणून फॉर्मवर साक्षीदार घेताना जो सर्वांत जास्त विरोध करेल त्याचीच सही घ्या! घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा नमुना ४-अ भरलेला हवा. शवविच्छेदन झालेलं असेल, पोलीस प्रकरण असेल, संसर्गजन्य आजार असेल, देह खराब होऊ लागला असेल, तर नकार मिळतो. डोळे आधी दिलेले चालतात, इतर अवयव काढलेले असतील तर बहुधा नाही. नकार येऊ शकतो हे धरून दुसरी सोय ठरवून ठेवा. विद्युत किंवा गॅसदाहिनी ठरली तर पेसमेकर आहे का ते आधी सांगा, तो काढावा लागतो. बॅटरी उष्णतेने फुटते.

खरी अडचण दहाव्याला येते. देहदानात अस्थी मिळत नाहीत. गेलेल्याला विधी नको होते, मागे राहिलेल्या बायकोला हवे असतात. इथे माझा कल स्पष्ट आहे: देहाविषयी गेलेल्याचं ऐका, दिवसांविषयी मागे राहिलेल्याचं. मेल्यावर काय ते माहीत नाही म्हणणाऱ्याने दहाव्याला 'काही उपयोग नाही' असं ठामपणे सांगणं त्याच्याच भूमिकेशी विसंगत आहे. बाणगंगेवर पिंड ठेवून दोन तास वाट बघणाऱ्या माणसाला तिथे तर्क सांगू नये. कावळा नाहीच आला तर परंपरेने आधीच सोय करून ठेवलेली आहे, दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवतात.

गोरेगाव, प्राथमिक शिक्षिका

सहा-सात वर्षांच्या मुलाने "देव आहे का?" विचारलं तर तीन वाक्यं पुरतात. "आजीला वाटतं आहे. काकाला वाटतं नाही. मला नक्की माहीत नाही." मग गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. लगेच "तुला काय वाटतं?" विचारलं तर मूल तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतं. आजीचं नाव पहिलं घ्या, कारण हे वाक्य संध्याकाळपर्यंत आजीकडे पोचणारच, आणि 'आई म्हणते देव नाही' या रूपात पोचलं तर पुढचा आठवडा गेला. दहा-अकराव्या वर्षी मूल स्वतःहून "मग आपण आरती का म्हणतो?" इथवर येतं. तेव्हा वर मास्तरांनी केलेले ढीग सोप्या भाषेत करून दाखवता येतात.

लालबाग

मग सांगाच, आरती का म्हणता?

गिरगाव, शाडूच्या मूर्ती करतो

पूजेची रचनाच बघा. प्राणप्रतिष्ठेआधी ती माती, उत्तरपूजेनंतर पुन्हा माती. मधला काळ ठरवून धरलेला, दीड दिवस किंवा पाच किंवा दहा. मनात शंका असलेल्याला यात बसायला भरपूर जागा आहे. टाळ वाजवायला सिद्धान्त लागत नाही. फक्त नवस बोलू नका, तिथे तुम्ही पवईवाल्यांच्या चौकोनात शिरता. मूर्ती नऊ-दहा इंचांची शाडूची घ्या, प्लास्टरची नको. बादलीत मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी हवं. रंगाचा थर जाड असेल तर विरघळायला रात्र जाते, वरून हाताने चोळू नका, आपोआप बसू द्या. गाळ कुंडीत घालायचा तर बागेच्या मातीत थोडाथोडा मिसळा. नुसता घातला की घट्ट बसतो आणि तुळस मरते.

सायन

तो दर्भाचा कावळा आयता मिळतो का हो? घरात दहावा आहे. मुलगा परदेशातून येतोय, त्याच्याकडे एकच सकाळ आहे.

परळ, नेत्रदान-देहदान समन्वय

आणायला लागत नाही. गुरुजी तिथेच चार काड्यांचा वळतात, दोन मिनिटांचं काम. दर्भ त्यांच्याकडे असतो, तरी जुडी आहे ना एवढं आदल्या दिवशी फोन करून विचारा. आणि सकाळी लवकर जा, ऊन चढलं की खरे कावळेही कमी होतात.